मोगरी

उजवा हात कानाच्या वर जात नाही.
वेणी घालायला पोरीला हाक मारावी लागते,
आणि ती विचारते, आई, कोर्टात तू उचलतेस तरी काय?

काय सांगू. मी फक्त टाइप करते.
अंबाजोगाईला, बावीस वर्षं.
साक्षीदार बोलतो, साहेब सांगतात, बोटं चालतात.
‘मी दार उघडले तेव्हा ती खाली पडलेली होती.’
एंटर.
‘हे म्हणणे खरे नाही की माझे दिराशी भांडण होते.’
एंटर.
टाइप करणारीनं रडायचं नसतं,
मान हलवायची नसते,
भुवईसुद्धा जागेवर ठेवायची.
वाक्य कानातून शिरतं, बोटांतून निघून जातं,
असं मला वाटायचं.

फिजिओथेरपीच्या अर्शियानं खांद्यात अंगठा रोवला
नि म्हणाली, ताई, इथं दगड आहे.
रोज बोटांनी भिंत चढा, मुंगीवानी.
चढले. महिनाभर. स्वयंपाकघराची भिंत,
कॅलेंडरच्या खिळ्यापर्यंत.
खिळा काही ओलांडता आला नाही.

मग घट बसायला आठवडा राहिला.
मुद्रिकावैनीनं घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण बोचक्यात बांधलं,
भावकीतल्या आम्ही सातजणी छोट्या हत्तीत
बोचक्यांवर बसून धनेगावला,
धरणाच्या खाली, मांजरेच्या पात्रात.
तू काठावर बस बाई, तुझा हात...

बसले. दहा मिनिटं.
मग सासूची वाकळ पाण्यात पडली.
तिच्या पाच लुगड्यांची, वर माझं एक बाळंतपणातलं.
ओली वाकळ माणसाएवढी जड होते.
मी चढले तिच्यावर.
पायांना कुणी मनाई केलेली नव्हती.
सोड्याचा फेस घोट्यापर्यंत,
तुडव. तुडव.
पोटऱ्या पेटल्या, आणि दात,
तेव्हा कळलं मला की दात
मी किती वर्षं आवळून धरले होते,
सुटले.

मोगरी खडकावर पडली होती.
कधी उचलली, कुठल्या हातानं,
जबानी घ्याल तर सांगता येणार नाही.
पहिला दणका खडकानं परत दिला.
दुसऱ्याला ‘खाली पडलेली होती’.
तिसऱ्याला ते पोर, ज्याला
पिंजऱ्यात दिसत नाही म्हणून स्टुलावर उभं केलं होतं,
आणि जे म्हणालं, पप्पानं कडी आतून लावली.
पुढं मोजलं नाही.
घशातून काहीतरी निघत होतं, हं, हं,
कांडताना बायका काढतात तसं,
आणि पलीकडच्या थडीवरून माघारी येत होतं.
सहाजणी थांबल्या.
‘काय झालं’ कुणी म्हटलं नाही.
मुद्रिकावैनी पुढं आली, वाकळ उलटी केली,
म्हणाली, ही बाजू राह्यलीय.

नंतर अंग थरथरलं.
गुडघे, हनुवटी, पोटाची कातडी.
ऊन मरणाचं कडक, थंडीचं नाव नाही.
लाज वाटली. पदर घट्ट ओढून घेतला
तर पदरही थरथरायला लागला.
तेवढ्यात डोहातून एक म्हैस बाहेर आली,
शिंगांपासून शेपटीपर्यंत सगळं कातडं झाडलं,
आमच्या वाळल्या चादरींवर चिखल उडवला,
आणि लागली चरायला.
असंच असतंय, आसराकाकू म्हणाल्या.
म्हशीला की मला, कळलं नाही.

दगड गेलेला नाही.
हात खिळ्याच्या दोन बोटं वर पोचतो, बस.
वेणी अजून पोरगीच घालते,
सवय आता तिला लागलीय.
सोमवारी कोर्ट. शपथ, नाव, वय, धंदा.
‘हे म्हणणे खरे नाही की...’
भुवई जागेवर.
टेबलाखाली चप्पल काढून ठेवलीय,
आणि पाय, ते कुणाला दिसत नाहीत,
हळूहळू काहीतरी
तुडवताहेत.